चर्चमधील कलह आणि श्रद्धावंताची मनःशांती : पाद्रोआदो–प्रोपागांडा वादाच्या संदर्भात

प्रस्तावना :

धर्मसंस्थेत कलह उत्पन्न झाला म्हणजे त्याची कागदपत्रे विपुल निर्माण होतात. आज्ञापत्रे, बहिष्कारपत्रे, अर्ज आणि प्रतिअर्ज यांनी दप्तरे भरतात व पुढील काळातील इतिहासकार त्या दप्तरांच्या आधारे कोणाची बाजू न्याय्य होती हे ठरवीत बसतो. परंतु त्याच काळात ज्याला रविवारी मिस्सेला जायचे होते, मुलाचा स्नानसंस्कार करून घ्यायचा होता, मरणासन्न बापाच्या उशाशी धर्मगुरू आणायचा होता, त्या सामान्य श्रद्धावंताने काय केले ही गोष्ट दप्तरांत क्वचितच सापडते. प्रस्तुत लेखाचा विषय हा श्रद्धावंत आहे.

कॅथलिक चर्चमधील अस्वस्थता हा अलीकडच्या काळात वारंवार चर्चिला जाणारा विषय होय. धर्मगुरूंकडून बालकांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणे अनेक देशांत उघडकीस आली. केरळमध्ये सिरो-मलबार चर्चच्या धर्मसभेने २०२१ मध्ये मिस्सेची एकसमान पद्धत लागू करण्याचे ठरविल्यानंतर एर्नाकुलम–अंगमाली महाधर्मप्रांतातील धर्मगुरू व प्रापंचिक यांच्या मोठ्या गटाने त्यास विरोध केला आणि वाद रस्त्यावर आला. अशा वेळी चर्चवरील निष्ठा व मनाचे स्वास्थ्य ही दोन्ही कशी राखावीत, हा प्रश्न श्रद्धावंतांपुढे स्वाभाविकपणे उभा राहतो.

मराठी मुलखातील कॅथलिकांना हा प्रश्न नवीन नाही. वसई, साष्टी, ठाणे आणि मुंबई या पट्ट्यातील ख्रिस्ती समाज सतराव्या शतकापासून १९२८ पर्यंत एका दीर्घ अधिकारवादाच्या छायेत जगला. या वादाला इतिहासग्रंथांत पाद्रोआदो–प्रोपागांडा संघर्ष असे म्हटले जाते. वारसाहक्कावरून मठाच्या गादीचा वाद कितीही चिघळला तरी वारी थांबत नाही, हे महाराष्ट्रातील वाचकास सांगावयास नको. हा वादही काहीसा त्याच जातीचा होता. फरक इतकाच, की येथे गादीच्या वादाचा परिणाम थेट श्रद्धावंताच्या विवाहावर आणि पापमुक्तीवर होऊ शकत होता.

वादाचे मूळ :

‘पाद्रोआदो’ म्हणजे पोर्तुगालच्या राजाला पोपमहोदयांनी दिलेला धर्माश्रयाचा हक्क. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील पोपच्या आज्ञापत्रांनी पूर्वेकडील प्रदेशांत चर्च बांधणे, धर्मगुरूंचा खर्च चालविणे आणि बिशपपदासाठी नावे सुचविणे ही जबाबदारी व हा अधिकार राजाकडे आला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाज या व्यवस्थेखाली वाढू लागला. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे.

व्यवस्थेची उणीव लवकरच दिसून आली. पोर्तुगालची सत्ता आक्रसत गेली. हक्क मात्र आक्रसला नाही. जेथे राजाचा शिपाई पोचत नव्हता तेथेही बिशप नेमण्याचा त्याचा दावा कायम राहिला. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांडा फिदे’ नावाचे स्वतंत्र मंडळ रोममध्ये स्थापन केले. या मंडळाने राजाच्या मध्यस्थीवाचून थेट रोमचे प्रतिनिधी, म्हणजे व्हिकार अपोस्टोलिक, नेमण्यास आरंभ केला. साहजिकच एकाच प्रदेशावर दोन अधिकाऱ्यांचा दावा उभा राहिला.

या इतिहासातील पहिले नाव मराठी व कोंकणी प्रदेशाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउस दे कास्त्रो या ब्राह्मण कुळातील तरुणास गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारण्यात आली. तो रोमला गेला, तेथे दीक्षित झाला, आणि १६३७ मध्ये आदिलशाही मुलखासाठी व्हिकार अपोस्टोलिक म्हणून नेमला गेला. पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतील डिचोली येथून त्याने काम पाहिले. गोव्याच्या महागुरुस्वामींशी त्याचे कधी जमले नाही. वाद कायद्याच्या भाषेत चालला असला तरी त्यात वर्ण आणि वंश यांचा प्रश्न पहिल्यापासून गुंतलेला होता, एवढे यावरून स्पष्ट होते. (स्वतः कास्त्रो जात्यभिमानापासून मुक्त होते असे मात्र म्हणवत नाही.) त्यांचे अधिकारक्षेत्र पुढे ‘महामोगलाचे व्हिकारिएट’ या नावाने ओळखले गेले. त्या नावाचा शब्दशः अर्थ घेतला तर सुरत–बुऱ्हाणपूर मार्गावरील मोगल अमलातील नंदुरबारही कागदोपत्री त्यातच मोडत असणार.

मुंबई बेटावरील दुहेरी सत्ता :

१६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६५ मध्ये तिचा प्रत्यक्ष ताबा दिला गेला व १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. बेटावरील कॅथलिक मात्र गोव्याच्या महागुरुस्वामींच्या आज्ञेतच राहिले. पोर्तुगीज निष्ठेच्या धर्मगुरूंबद्दल कंपनीला संशय वाटे. अखेर १७२० मध्ये गव्हर्नर बून यांच्या काळात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना बेट सोडावयास लावण्यात आले आणि चर्चची व्यवस्था रोमने नेमलेल्या कार्मेलाइट व्हिकार अपोस्टोलिककडे सोपविण्यात आली. कॅथलिकांचा धर्माधिकारी कोण असावा याचा निर्णय एका प्रोटेस्टंट व्यापारी कंपनीने केला, ही विसंगती त्या काळीही अनेकांना खटकली असणार.

वसई व साष्टीत परिस्थिती वेगळी होती. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. युरोपीय धर्मगुरू व मठवासी निघून गेले, अनेक चर्च ओस पडली. शरणागतीच्या अटींत राहणाऱ्यांना धर्माचरणाची मोकळीक होती आणि मागे राहिलेल्या समाजाची सेवा प्रामुख्याने गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी केली. वांद्र्याच्या डोंगरावरील मारियामातेची मूर्ती या धामधुमीत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ठेवण्यात आली व १७६१ मध्ये पुन्हा वांद्र्यास नेण्यात आली, असे परंपरा सांगते. १७६० च्या सुमारास साष्टीतून प्रवास करणाऱ्या आंकेतिल द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाला मराठी अमलाखालील ख्रिस्ती लोक उघडपणे आपले सण व उपासना पार पाडताना आढळले. संस्थेचा दिमाख गेला, उत्पन्ने गेली, तरी दोन दशकांनंतर उपासना चालूच होती. येथील समाजाच्या स्वभावाचा हा पहिला मोठा पुरावा म्हणावा लागेल.

मुंबईत मात्र कलह वाढत गेला. गोव्याकडे परत जाण्याची इच्छा असलेल्या कॅथलिकांनी कंपनीकडे अर्ज केले व १७८९ मध्ये चर्च गोव्याच्या महागुरुस्वामींकडे देण्यात आली. थोड्याच अवधीत तो निर्णय फिरला. शेवटी १७९४ मध्ये कंपनीने बेटावरील प्रमुख चर्चची दोन्ही पक्षांत सरळ वाटणी करून टाकली. वाटणी घराची व्हावी तशी चर्चची झाली. एकाच वस्तीतील शेजारी, कित्येकदा एकाच कुटुंबातील शाखा, वेगवेगळ्या बिशपांच्या प्रजा ठरल्या. वांद्र्यात सेंट अँड्र्यू हे पाद्रोआदोचे चर्च, तर सेंट पीटर हे प्रोपागांडाचे. दोहोंमधील अंतर पायी काही मिनिटांचे आहे.

माहीम, १८५३ :

पोर्तुगाल व रोम यांचे संबंध १८३० च्या दशकात तुटले. १८३८ मध्ये सोळाव्या ग्रेगरींनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ या आज्ञापत्राने भारतातील पाद्रोआदोच्या अनेक धर्मप्रांतांचा अधिकार काढून घेतला. पाद्रोआदोच्या धर्मगुरूंनी ते आज्ञापत्र खरे मानण्यास नकार दिला आणि प्रतिपक्षाने त्यांना ‘फुटीर’ ठरविले. ‘गोव्याची फूट’ हा शब्दप्रयोग याच काळात रूढ झाला.

या संघर्षाचे सर्वांत तीव्र दर्शन माहीम येथे घडले. तेथील सेंट मायकल चर्चच्या बहुसंख्य धर्मग्रामस्थांनी पाद्रोआदोकडे जाण्याचे ठरविले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले कापुचिन बिशप अनास्तासियस हार्टमन हे तेव्हा प्रोपागांडातर्फे मुंबईचा कारभार पाहात होते. १८५० मध्ये ‘एक्झामिनर’ हे कॅथलिक नियतकालिक सुरू करणारे ते हेच. त्यांनी चर्च सोडण्यास नकार दिला व स्वतःला आत कोंडून घेतले. बाहेर वेढा पडला, अन्नपाणी रोखण्याचा प्रयत्न झाला, आणि बरेच दिवस हा प्रकार चालल्यावर मुलकी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप करून चर्च पाद्रोआदो पक्षाच्या ताब्यात जाऊ दिले. त्याच वर्षी मे महिन्यात नववे पायस यांनी ‘प्रोबे नोस्तिस’ या पत्राने मुंबईतील पाद्रोआदोच्या चार धर्मगुरूंना कडक समज दिली.

हार्टमन यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. रोमच्या आज्ञेचा भंग म्हणजे चर्चचा भंग, अशी त्यांची धारणा होती. परंतु वेढा घालणारेही कोणी धर्मद्वेष्टे नव्हते. आपल्या पूर्वजांनी बांधलेले चर्च, त्याचा निधी सांभाळणारी ‘फाब्रिका’, आपल्या बोलीत पापनिवेदन ऐकणारा गोवेकर धर्मगुरू, या सर्वांवर परकीय बिशपाने हक्क सांगावा हे त्यांना मान्य नव्हते. ग्रंथांतून या लोकांचे वर्णन बहुधा एकतर ‘बंडखोर’ किंवा ‘पोर्तुगीजधार्जिणे’ असे येते. दोन्ही विशेषणे अपुरी आहेत. पोर्तुगालच्या राजावर माहीमच्या कोळ्याचे प्रेम असण्यास तसे काही कारण नव्हते. त्याचे प्रेम ओळखीच्या वेदीवर व ओळखीच्या धर्मगुरूवर होते.

चिंता नेमकी कशाची होती? :

येथे कॅथलिक धर्मशास्त्रातील एक भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण श्रद्धावंताची मनःशांती त्यावरच अवलंबून होती. संस्कार ‘ग्राह्य’ असणे ही एक गोष्ट आणि तो ‘नियमसंमत’ असणे ही दुसरी. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातुसाच्या अनुयायांनी असे प्रतिपादन केले की पतित धर्मगुरूने दिलेला संस्कार निष्फळ ठरतो. संत ऑगस्टीन यांनी त्याचे खंडन केले : संस्काराचा खरा कर्ता ख्रिस्त आहे, धर्मगुरू केवळ साधन आहे. १५४७ मध्ये त्रेंत परिषदेने हीच भूमिका सिद्धान्तरूपाने मांडली. म्हणून पाद्रोआदोचा धर्मगुरू असो वा प्रोपागांडाचा, दीक्षा खरी असल्यामुळे त्याची मिस्सा खरी होती. स्नानसंस्कार तर अडचणीच्या वेळी कोणीही देऊ शकतो. या दोन बाबतींत चिंतेला जागाच नव्हती.

अडचण दोन संस्कारांपाशी येत होती. पापनिवेदन ऐकून क्षमा देण्यासाठी दीक्षेबरोबरच अधिकार लागतो, म्हणजे संबंधित बिशपाची अनुज्ञा लागते. आणि विवाहाच्या बाबतीत त्रेंत परिषदेच्या १५६३ च्या ‘तामेत्सी’ या नियमाने, तो जेथे जाहीर झाला होता तेथे, वधूवरांचा स्वतःचा धर्मग्रामप्रमुख किंवा त्याने अनुज्ञा दिलेला धर्मगुरू व साक्षीदार यांच्या उपस्थितीवाचून विवाह ग्राह्य ठरत नसे. मग ‘स्वतःचा’ धर्मग्रामप्रमुख कोण? हाच तर वादाचा विषय. एका पक्षाचे म्हणणे काटेकोरपणे मानले तर दुसऱ्या पक्षाच्या चर्चमध्ये लागलेली लग्ने संशयास्पद ठरत होती. कायद्याचा हा सूक्ष्म मुद्दा एखाद्या कुटुंबाच्या उंबरठ्यावर आला म्हणजे त्याचे स्वरूप किती भयंकर होते याची कल्पना करता येईल. आपण विवाहित आहोत की नाही? आपली मुले औरस की अनौरस? मृत्यूपूर्वी मिळालेली क्षमा खरी होती की नव्हती?

चर्चच्या परंपरेत या भीतीवर उपाय होता आणि तो फारसा कोणी मोठ्याने सांगत नव्हता. एक तर मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कोणताही दीक्षित धर्मगुरू, त्याला अनुज्ञा असो वा नसो, क्षमा देऊ शकतो. त्रेंत परिषदेनेच तसे स्पष्ट केले आहे. दुसरे असे की, जेथे सर्वसामान्य लोक एखाद्या धर्मगुरूला सद्भावनेने अधिकारी मानतात आणि त्यात चूक असते, तेथे श्रद्धावंताचे नुकसान होऊ नये म्हणून उणा असलेला अधिकार चर्च स्वतः पुरविते. हे तत्त्व जुने आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत ते २०९ व्या नियमात आले व सध्या लागू असलेल्या १९८३ च्या संहितेत १४४ व्या नियमात आहे. विवाहाच्या बाबतीत ते कितपत लागू पडते याविषयी धर्मशास्त्रज्ञ काथ्याकूट करीत राहिले, परंतु त्यामागील दृष्टी स्पष्ट होती. वरिष्ठांच्या भांडणाची किंमत अजाण श्रद्धावंताने मोजू नये, अशी तजवीज कायद्याने करून ठेवली होती. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी आपापल्या व्यासपीठावरून हे नीट समजावून सांगितले असते तर कित्येक घरांतील झोप शाबूत राहिली असती. वादात जिंकण्यासाठी मात्र भीती अधिक उपयोगी पडते.

युरोपातील एका प्रसंगाची येथे आठवण होते. १३७८ ते १४१७ या काळात एकाच वेळी दोन आणि शेवटी तीन पोप असल्याचा दावा होता. सिएनाच्या संत कॅथरीन रोमच्या पोपच्या पक्षाला, तर संत व्हिन्सेंट फेरर आविन्योंच्या पक्षाला होते. चर्चने पुढे दोघांनाही संतपद दिले. खरा अधिकारी ओळखण्यात चूक होणे आणि श्रद्धेतून ढळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याची यापेक्षा स्पष्ट कबुली मिळणे कठीण.

अधिकारक्षेत्र न लागणारी प्रार्थना :

धर्मशास्त्रातील हे भेद माहीमच्या कोळ्याला अथवा वसईच्या वाडवळाला माहीत असण्याचा संभव नव्हता. तरीही तो टिकला. याचे उत्तर त्याच्या घरात व गल्लीत शोधावे लागते. तिन्हीसांजेला घरातील थोरामोठ्यांनी म्हटलेली रोझरी, वाडीतील क्रूसापाशी जमून गायिलेली लादीन, गावाच्या पालक संताचा सण, लेंतातील उपवास, मृताच्या घरी जमून केलेली प्रार्थना, यांपैकी कशालाही बिशपाची अनुज्ञा लागत नाही. क्रूसासमोर गुडघे टेकणाऱ्याला ‘तू कोणत्या पक्षाचा?’ असे क्रूस विचारीत नाही. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर रस्त्यांच्या कडेला व वाड्यांच्या तोंडाशी अनेक क्रूस उभे राहिले. ते लोकांनी, आपल्या खर्चाने, आपल्या भयापोटी आणि आपल्या विश्वासाने उभारले. दुहेरी सत्तेचा वाद त्या वेळी चालूच होता.

भाषेचा आधार तितकाच मोठा होता. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले व पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज सरकारने लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. तरीही ओवीबद्ध ख्रिस्तकथा लोकांच्या कंठी राहिली आणि हस्तलिखितांतून पुढे गेली. मिस्सा लॅटिनमध्ये असे व ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत तशीच राहिली. परंतु घरात मनाला धीर देणारी वाणी आपली होती. विद्यापीठीय अभ्यासात ‘ख्रिस्तपुराणा’कडे बहुधा भाषेचा व छंदाचा नमुना म्हणून पाहिले जाते. धर्मगुरू नसलेल्या अथवा परस्परांशी भांडणारे दोन धर्मगुरू असलेल्या गावात असा ग्रंथ काय कार्य करीत असेल, या दृष्टीने तो पुन्हा वाचला गेला पाहिजे.

जो बाहेर पडला :

सर्वांनाच ही शांती लाभली असे नाही. २३ जून १८८६ रोजी रोम व पोर्तुगाल यांच्यात करार झाला. दमणचा नवा धर्मप्रांत निर्माण करून वसई व साष्टी त्यात घातली गेली. मुंबई महाधर्मप्रांत झाली. आणि मुंबई बेटावर पाद्रोआदोच्या परंपरेतील कुटुंबे, ती कोठेही राहोत, दमणच्या बिशपांच्या आज्ञेत राहिली. भारतातील इतर अनेक ठिकाणची पाद्रोआदोची चर्च मात्र प्रोपागांडाकडे गेली. या निर्णयाने दुखावलेल्या गोव्याच्या फादर आल्वारिस यांनी रोमशी संबंध तोडले. १८८९ मध्ये कोट्टायम येथे मलंकरा ऑर्थोडॉक्स परंपरेत त्यांना ‘मार ज्युलियस’ या नावाने बिशपपदाची दीक्षा मिळाली. गरीब व रोगी यांच्या सेवेत आयुष्य घालवून १९२३ मध्ये ते गोव्यात निवर्तले. अंत्ययात्रेला मोठा जनसमुदाय लोटला, पण त्यांच्या चर्चमागे मोठा समाज कधीच गेला नाही.

आल्वारिस यांना केवळ फुटीर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्यांच्या तक्रारीत देशी धर्मगुरूंच्या अवहेलनेचा खरा सल होता. तरी संत इग्नेशियस यांनी ‘आध्यात्मिक साधना’त दिलेला एक नियम येथे लक्षात घेण्याजोगा आहे : मन विषण्ण व अंधारलेले असताना, आधी प्रसन्न चित्ताने केलेला संकल्प बदलू नये. इग्नेशियस यांचे अनुयायी १८५० च्या दशकात मुंबईत आले व त्यांनी येथील कार्य हाती घेतले. १८६९ चे सेंट झेवियर्स महाविद्यालय हे त्यांचेच. हा नियम निर्णय कधीच बदलू नये असे सांगत नाही, तो केवळ वेळेविषयी बोलतो. आल्वारिस यांना ती वेळ थांबता आले नाही, आणि ज्यांनी थांबवून घ्यावयाचे त्या वरिष्ठांनीही त्यांना थांबण्यासारखे काही दिले नाही.

शांती आणि मौन :

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. संस्कार धर्मगुरूच्या पात्रतेवर अवलंबून नसतो हे तत्त्व श्रद्धावंताच्या धीरासाठी आहे. अपराध्याच्या बचावासाठी नाही. अधिकारवाद आणि अत्याचार यांची जात भिन्न आहे. पहिल्यात दोन्ही पक्षांना काही ना काही बाजू असते, दुसऱ्यात फक्त पीडित आणि अपराधी असतात. ‘चर्चची बदनामी नको’ म्हणून राखलेले मौन मनःशांती या नावाला पात्र ठरत नाही. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. चर्चनेही २०१९ मध्ये ‘व्होस एस्तिस लुक्स मुंदी’ या आज्ञापत्राने धर्मगुरूंवर व मठवासींवर अशी माहिती वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले.

वादाच्या बाबतीतही श्रद्धावंताने मूक राहावे अशी परंपरेची अपेक्षा नाही. अर्ज करणारे १७८९ चे मुंबईकर कॅथलिक होते व कॅथलिकच राहिले. १९८३ च्या संहितेतील २१२ वा नियम तर प्रापंचिकांना आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क देतो आणि काही वेळा ते त्यांचे कर्तव्य असल्याचे सांगतो.

वाद मिटला तेव्हा :

एप्रिल १९२८ मध्ये रोम व पोर्तुगाल यांच्या नव्या कराराने मुंबईतील दुहेरी सत्ता संपली. दमणचा धर्मप्रांत गोव्यास जोडला गेला, वसई व साष्टी मुंबई महाधर्मप्रांतात आली. मुंबईचे महागुरुस्वामी आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत, अशी तडजोड त्यात होती. ती वाचताना आज हसू येते; ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते ते कॅथलिक या दोहोंपैकी कोणीच नव्हते. ब्रिटिश पाळीतून आलेले थॉमस रॉबर्ट्स यांना हे उमगले असावे. भारतीय व्यक्तीसाठी जागा मोकळी व्हावी म्हणून ते स्वतः बाजूला झाले आणि १९५० मध्ये वालेरियन ग्रेशियस महागुरुस्वामी झाले. त्याच वर्षी पोर्तुगालने उरलेले हक्क सोडले. १९५३ मध्ये ग्रेशियस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले. करार कागदावर झाला तरी मने लगेच जुळली असे समजण्याचे कारण नाही. परंतु ज्या सेंट मायकल चर्चला १८५३ मध्ये वेढा पडला, तेथे १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते आणि तिला कॅथलिकांबरोबर इतर धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने येतात. वेढ्याची हकीकत त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल.

नंदुरबारच्या संदर्भात :

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. योगायोगाने वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही त्याच वर्षीचा. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने आदिवासी असून नवापूर तालुक्यात त्याची वस्ती विशेष आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात आलेल्या स्कँडिनेव्हियन मिशनच्या कार्यामुळे त्यातील बहुसंख्य प्रोटेस्टंट परंपरेचे आहेत. कॅथलिकांची संख्या त्यामानाने अल्प. हे कॅथलिक मुंबई व पुणे धर्मप्रांतांतून १९८७ मध्ये निर्माण झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे मराठी भाषक येशूसंघीय होते. कास्त्रो यांच्या नेमणुकीला त्या वर्षी साडेतीनशे वर्षे झाली होती.

पाद्रोआदो आणि प्रोपागांडा ही नावे सातपुड्याच्या पायथ्याशी कोणाला माहीत असण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र निराळ्या वाटेने येथेही पोचले आहेत. एर्नाकुलममधील चर्चच्या दारातील धक्काबुक्कीची चित्रफीत भ्रमणध्वनीवर धडगावातही दिसते. एका गावात कॅथलिक व प्रोटेस्टंट शेजारी असले की कोणाचा स्नानसंस्कार खरा, हा प्रश्न सोयरिकीच्या वेळी निघतो. वस्तुतः पाणी व त्रैक्याचे नाव घेऊन योग्य हेतूने दिलेला स्नानसंस्कार, तो प्रोटेस्टंट पाळकाने दिला असला तरी, कॅथलिक चर्च ग्राह्य मानते. ऑगस्टीन यांनी दोनातुसाच्या अनुयायांविरुद्ध मांडलेल्या युक्तिवादाचाच हा विस्तार आहे. ज्या दूरच्या पाड्यांवर धर्मगुरू ठरावीक रविवारीच पोचू शकतात, तेथे उरलेल्या रविवारी धर्मशिक्षक वा घरातील वडीलधारी व्यक्ती प्रार्थना चालविते. मावची, भिली किंवा पावरी बोलीत गीते म्हटली जातात. १७३९ नंतरच्या वसईच्या अभ्यासकाला जी साधने कधीच मिळणार नाहीत, ती या पाड्यांवर आज जिवंत आहेत. ती गीते कोणी रचली, कोणत्या प्रसंगी म्हटली जातात आणि धर्मगुरू नसताना प्रार्थनेचा क्रम कोण ठरवितो, याची नोंद जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी, समाजशास्त्र व इतिहास विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगी आहे.